गेली ती पनोती

चप्पल अठराशेची होती. घेऊन पंधरा दिवसही झाले नव्हते. टाचेखाली मऊ गादी असते ना, तिची आणि माझ्या पायाची आत्ता कुठे ओळख होत होती. परवा शनिवारी दर्शन घेऊन बाहेर आलो, तर त्या जागेवर शेंगदाण्याची टरफलं.

माझी रास कुंभ. २९ मार्च २०२५ ला शनी मीनेत शिरला, म्हणजे माझ्या साडेसातीची शेवटची अडीचकी चालू, म्हणून आईने पिटाळलं होतं. गावाचं नाव सांगत नाही. खान्देशातलंच आहे, उगाच देवाशी वैर नको. तेल वाहिलं, काळे उडीद वाहिले आणि अनवाणी झालो.

लिंबाच्या पारावर एक बाबा फुटाणे खात बसले होते.

"काय दखी राहिनात भाऊ?"

"चप्पल गेली."

"गयी?" बाबा ताडकन उठले. वाटलं, शोधायला येतील. त्यांनी माझा हात हातात घेतला. "भाग्यवान शेतस! लोके आठे मुद्दाम सोडी जातस, तुमनी आपेआप गयी. पनोती गयी ना भाऊ!"

मग रीतसर चौकशी झाली.

"नवी व्हती?"

"पंधरा दिवसांची."

"कितलानी?"

"अठराशे."

बाबांनी फुटाणा तोंडापाशी नेता नेता थांबवला. "मंग दोष बी मोठा गया. मन्हा जवाईनी शंभरनी स्लीपर गयती, तेले काहीच फरक पडना नही."

म्हणजे साडेसात वर्षांचा हिशोब चपलेच्या बिलावर! मी म्हटलं, "बाबा, मग ज्याने नेली त्याचं काय?"

"तेनी साडेसाती सुरू व्हयनी."

"हे त्याला माहीत नाही?"

"तेले काय म्हाईत? तो चोर शे."

यावर काय बोलणार? पाराच्या कडेला लोकांनी सोडलेल्या चपलांचा ढीग होता. त्यात नऊ नंबरची एक बरी जोडी दिसली. नुसता अंगठा पुढे केला, तर बाबा किंचाळले, "पाय नका घालू! कोन्ही काय पिडा शे, काय म्हाईत!"

तिकडे अहिल्यानगर जिल्ह्यात शिंगणापूरला घरांना दारं नसतात म्हणे. चोरी केली की शनी बघून घेतो, असा दरारा. २०११ साली तिथे एका बँकेने बिनकुलपाची शाखासुद्धा उघडली. देव तोच. तिथे पोलिसाचं काम करतो आणि माझ्या बाबतीत पंचनाम्यालाही येत नाही.

चिडायचीही सोय नाही, हे जास्त खुपतं. नारळवाल्याने अभिनंदन केलं. रांगेतल्या एका काकूंनी "बरं झालं हो" म्हणून समाधानाने मान हलवली. स्कूटर गेली असती तर यांनी पेढे मागितले असते. माझ्या पायातली वस्तू दुसऱ्याने उचलली, याला साधा मराठी शब्द आहे, चोरी. पण तो उच्चारला की श्रद्धा कमी पडते ती माझीच.

एप्रिलची दुपार. स्कूटर सावलीत लावली होती, तिथे आता ऊन आलं होतं. डांबरावर मी जे पाय उचलत होतो, ते पाहून दोन पोरांनी मोबाईल काढला. कसाबसा गावात पोहोचलो आणि थेट चपलेच्या दुकानासमोर उभा राहिलो. तेवढ्यात आईचा फोन. मी भाबडेपणाने सगळं सांगितलं. पलीकडे आनंदीआनंद. मग एकदम आवाज खाली आला.

"आज शनवार शे. चप्पल लेऊ नको हां, गयेल पनोती परत येस."

मी "हो" म्हणालो. फोन ठेवला. दुकानदाराला विचारलं, "चामड्याची नाही ना ही?"

"शुद्ध रबर, साहेब. एकशेवीस."

घेतली. घरी अनवाणीच शिरलो. आईने माझ्या तळव्यांना खोबरेल लावलं, भरीत-भाकरी वाढली आणि शेजारच्या दोन बायकांना बोलावून माझे पाय दाखवले.

स्लीपर अजून स्कूटरच्या डिक्कीत आहे.