खुलासा : वेस्ली चॅपलचे खांब

लंडनच्या सिटी रोडवरील वेस्ली चॅपल या मेथडिस्टांच्या (एका ख्रिस्ती पंथाच्या) प्रार्थनागृहाचा फोटो फिरतो आहे. ‘सज्जा पेलणारे हे खांब म्हणजे राजाने दिलेल्या जहाजांच्या डोलकाठ्या’, असं त्याखाली लिहिलंय. मीही तो पुढे पाठवला होता. चूक झाली.

1778 मध्ये चॅपल उघडलं तेव्हा ते खरं होतं. तिसऱ्या जॉर्जने डेप्टफर्डच्या गोदीतल्या डोलकाठ्या दिल्या होत्या. पण 1891 मध्ये, पंथाचे संस्थापक जॉन वेस्लींच्या निधनाला शंभर वर्षं झाली तेव्हा, डोलकाठ्यांच्या जागी फ्रान्सचा जॅस्पर दगड आला. परदेशांतल्या मेथडिस्ट मंडळींनी दिलेले हे खांब! चॅपलच्या स्वतःच्या इतिहासातच हे नोंदवलेलं आहे. फोटोतली दगडाची झळाळीही नीट पाहा.

जुना मजकूर कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर ही दुरुस्ती त्याच ग्रुपवर टाका.