सावकाश माऱ्यात पिस्तुलाची चूक सापडते? बऱ्याचदा ती तिथेच लपते

नव्या नेमबाजांमध्ये एक सल्ला सतत फिरतो: "नेम चुकतोय? वेग सोडा. एकेक गोळी सावकाश झाडा, टार्गेट बघा आणि चुकांच्या चक्राकार तक्त्यावरून (छिद्र कुठल्या दिशेला पडलं म्हणजे कुठली चूक, हे दाखवणारा) दोष ओळखा. भरभर झाडलं की चुका झाकल्या जातात." या सल्ल्यामुळे अनेकांचे महिने भलत्याच सरावात जातात.

"सावकाश झाडलं की चूक दिसते." ट्रिगरवरचा ढोबळ दोष दिसतो, हे खरं. पण दोन गोळ्यांमध्ये पाच-दहा सेकंद मिळाले की हात नकळत पकड सावरून घेतो. मग प्रत्येक गोळी पहिलीच ठरते, आणि गोळी सुटतानाच्या धक्क्यानंतर पकड टिकते का, साइट (पिस्तुलावरची नेम धरण्याची खूण) आपोआप जागेवर येते का, हे कळतच नाही. त्यासाठी ७ मीटरवर ५ गोळ्या ठरलेल्या तालात झाडा: आधी सेकंदाला एक (मेट्रोनोम, म्हणजे ताल देणारं यंत्र, ६० वर), मग अर्ध्या सेकंदाला एक (१२० वर). साइट अगदी मनासारखी जुळेपर्यंत थांबलात तर चाचणी वाया गेली. साइट टार्गेटबाहेर गेली तर मात्र बोट थांबलंच पाहिजे. वेळ बांधून टाकली की चूक कागदावर उतरते.

"डावीकडे खाली म्हणजे ट्रिगर हिसकला." तो तक्ता उजव्या हाताने, एकहाती नेम धरणाऱ्यांसाठी आहे. दोन हातांच्या पकडीत त्याच छिद्रामागे अख्खी मूठ आवळणं, आधाराचा हात सैल असणं किंवा धक्क्याआधीच नळी खाली ढकलणं, यातलं काहीही असू शकतं. एकट्या छिद्रापेक्षा क्रम जास्त सांगतो. पहिली बरोबर आणि पुढच्या हळूहळू एका बाजूला सरकल्या, तर पकड सुटतेय. पहिलीच बाहेर आणि उरलेल्या चार एकत्र असतील, तर सुरुवातीची पकड किंवा पहिला ट्रिगर तपासा. उभी रांग पडली तर पिस्तूल खाली आणण्याचा जोर दर वेळी वेगळा पडतोय. कागदावरून क्रम कळत नाही. म्हणून सोबत्याला स्पॉटिंग स्कोपमधून (छोट्या दुर्बिणीतून) छिद्रं नोंदवायला सांगा किंवा इलेक्ट्रॉनिक टार्गेट वापरा.

"डमी राउंडवर (न उडणाऱ्या खोट्या काडतुसावर) नळी खाली गेली म्हणजे दचकणं." नेहमीच नाही. तालात झाडणारा सरावलेला नेमबाज गोळी सुटल्यानंतर पिस्तूल खाली आणतोच; डमीवर धक्का नसल्याने ती हालचाल उघडी पडते, एवढंच. सोबत्याने मॅगझिनमध्ये नकळत एक-दोन डमी मिसळाव्यात आणि मग खऱ्या गोळ्या कुठे लागल्या ते पाहावं. त्या नेहमीच्या ग्रुपमध्येच (छिद्रांच्या पुंजक्यातच) असतील तर ढकलणं गोळी सुटल्यानंतरचं, निरुपद्रवी. खाली लागल्या असतील तर ते आधीचं, आणि दोष तोच.

"ग्रुप पसरला तर वेग कमी करा." असं केलं की पुरावाच पुसला जातो. सेकंदाच्या तालातही ग्रुप पसरत असेल तर ट्रिगर आणि नेम बघा. फक्त अर्ध्या सेकंदाला पसरत असेल तर पकड आणि धक्का. दोष जिथे पहिल्यांदा दिसला त्याच तालावर राहा, आणि एकच गोष्ट बदला, उदाहरणार्थ आधाराच्या हाताचा दाब. अशा किमान तीन मालिका झाडा.

नंतर उलटं करा: ताल मोकळा सोडा, पण पाचही गोळ्या १० सेंटिमीटरच्या वर्तुळात हव्यात. आता चूक शॉट टायमरवर (प्रत्येक गोळीची वेळ नोंदवणाऱ्या यंत्रावर) दिसेल. दोन गोळ्यांमधली अंतरं ०.५, ०.५, ०.७, ०.९ सेकंद अशी वाढत गेली, तर तिसऱ्या गोळीनंतर साइट परतायला उशीर होतोय, म्हणजे हात तिथे सुटतोय.