आईला साखर असली तरी दूध बंद करू नका

‘गरोदरपणात साखर वाढलेल्या आईचं दूध गोड असतं, बाळालाही मधुमेह होतो, म्हणून पहिले दोन दिवस मध-पाणी द्या,’ असा निरोप फिरतो आहे. तो चुकीचा आणि धोक्याचा आहे.

दुधातली मुख्य साखर लॅक्टोज. ती स्तनातच तयार होते. दुधातून मधुमेह होत नाही. खरी अडचण उलटीच आहे. पोटात असताना आईची जादा साखर वारेतून बाळाकडे जाते, म्हणून बाळ भरपूर इन्सुलिन बनवतं. नाळ कापली की साखरेचा पुरवठा थांबतो, इन्सुलिन मात्र उरतं, आणि बाळाची साखर झपाट्याने उतरते. म्हणून पहिल्या तासातच चिकाचं दूध पाजा, मग दर दोन-तीन तासांनी. टाचेला टोचून साखर तपासतात. ती ४५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली, बाळ थरथरलं, सुस्त पडलं किंवा ओढेनासं झालं तर लगेच डॉक्टरांना दाखवा. मध वर्षभर नकोच, त्यातून बोट्युलिझम (जंतूंच्या विषामुळे स्नायू लुळे पडण्याचा आजार) होऊ शकतो.

अशा मुलांना पुढे लठ्ठपणा आणि मधुमेहाचा धोका जास्त असतो, हे खरं. पण तो गर्भातल्या साखरेमुळे आणि आनुवंशिकतेमुळे. आपला मधुमेह गेला की नाही हे पाहायला बाळंतिणीने सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन रक्तातल्या साखरेची चाचणी करावी. नेमकी तीच राहून जाते.