गुलाबी पुडी

परत तेच! गिरगाव चौपाटीवर भेळ खाऊन लोक मुद्दाम वाट वाकडी करून एखादं छोटं नाण्यांचं संग्रहालय बघायला जातात आणि काचेच्या कपाटात दिसते ती ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दाण्यांची गुलाबी पुडी. अहो, हे दाणे कोरडे असताना निळे असतात. गुलाबी झाले म्हणजे ओलावा पिऊन भरले, आता त्यांचा काडीचा उपयोग नाही!

पावसाळ्यात मुंबईची हवा 80 टक्क्यांच्या वर दमट, त्यात समुद्राचं मीठ. तांब्याच्या नाण्यावरचं ते फिकट हिरवं, पिठासारखं दिसतंय ना, तो जुनेपणाचा रंग नव्हे. गुळगुळीत गडद थर वेगळा, तो जपायचाच. हे पीठ म्हणजे मिठातलं क्लोराइड धातू पोखरतंय, खाली खड्डे पडतायत.

आणि उपाय काय मोठा? दाणे ताटात पसरून 120 अंशांवर दोन-तीन तास तापवले की पुन्हा निळे. दाराच्या फटीला रबरी पट्टी, आत छोटा आर्द्रतामापक. काटा 40 टक्क्यांच्या खाली हवा. तिकीट फाडणाऱ्यावर राग नाही, त्याला हे कुणी शिकवलेलंच नसतं. पण ज्यांच्याकडे कपाटाची किल्ली आहे, त्यांनी ती पुडी बदला ना!