झोपलेल्या ड्रायव्हरचा नंबर

गणपती तोंडावर आलेत आणि संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरांची चर्चा जोरात सुरू आहे. स्टेशन ते मालवण किती, देवबागला किती, वेंगुर्ल्याला किती, सीएनजी वाढला तर बोर्डावरचे दर कधी बदलायचे. दर ठरायला हवेतच. पण मला ज्या विषयावर बोलायचंय तो ग्रुपवर टाकला की खाली नुसते अंगठे येतात आणि पुन्हा दर सुरू होतात. म्हणून इथे सविस्तर लिहिते. विषय आहे ड्रायव्हरची झोप.

तळकोकणातल्या एका रेल्वे स्टेशनबाहेर आमच्या सहकारी संस्थेचा टॅक्सी स्टँड आहे. गाडी माझ्या नावावर आहे, त्यामुळे सभासद मी. चालवतात आमचे हे. स्टँडवरची वही सगळे सभासद आळीपाळीने सांभाळतात. आमच्या पाळीला बऱ्याचदा हे भाड्यावर असतात, त्यामुळे वहीवर मी बसते. कोण कधी आला, कोण कधी गेला, कुठे गेला, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून जातं. त्या वहीतलंच बघून लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी नंबरचा नियम सांगते. गाडी स्टँडला लागली की वहीत नाव आणि वेळ लिहायची. भाडं आलं की ज्याचा पहिला नंबर त्याची गाडी जाते, मग ते भाडं बाजारपेठेपर्यंतचं असो की पणजीचं. हाक मारली तेव्हा ड्रायव्हर हजर नसेल तर नंबर गेला. तो शेवटाला. ह्यात कुणाची वशिलेबाजी चालत नाही, चेअरमनची गाडीसुद्धा रांगेतच लागते.

हा नियम मला मनापासून प्रिय आहे. संस्था नव्हती तेव्हा गाडी प्लॅटफॉर्मला लागायच्या आत जो जिन्यात घुसून उतारूची बॅग धरेल त्याचं भाडं असायचं. ज्याचा आवाज मोठा, ज्याच्या मागे चार माणसं, तो दिवसाला दोन-तीन भाडी मारायचा आणि गरीब स्वभावाचा ड्रायव्हर संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी जायचा. वहीने ते थांबवलं. म्हणून वही मोडा असं मी म्हणत नाहीये. वहीत एक रकाना वाढवा एवढंच म्हणतेय.

आता हंगामातला एक दिवस बघा. गोव्यातलं मोप्याचं विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झालं तेव्हापासून आमच्याकडे पहाटेच्या विमानाची भाडी वाढली. ड्रायव्हर रात्री दोनला घरून निघतो, वाडीत जाऊन पाहुण्यांना घेतो, मोप्याला सोडतो आणि रिकामी गाडी घेऊन मुंबईहून येणाऱ्या कोकणकन्या एक्स्प्रेसच्या वेळेला स्टँडला हजर होतो. कारण सकाळची कोकणकन्या म्हणजे खात्रीचं भाडं. नंबर मागे असला तर तुतारी एक्स्प्रेसची वाट बघायची, तीही हुकली तर संध्याकाळी मांडवी. मधल्या वेळात घरी जावं तर घर पंधरा-वीस किलोमीटर आत, आणि गेलं की नंबर जातो. मग तो काय करतो? गाडीतच सीट मागे टाकतो, पाय डॅशबोर्डवर, तोंडावर पंचा, फोन छातीवर. एसी लावला तर गॅस जळतो म्हणून चारी काचा खाली. मे महिन्यात दुपारी बाराला पत्र्याच्या त्या खोक्यात किती झोप लागत असेल? दर थोड्या वेळाने मान वर करून विचारतात, "वयनी, माझो नंबर कितवो? माका हाक मारा हां!" हाक मारली की दचकून उठतात, बाटलीतलं पाणी तोंडावर मारतात आणि बायका-पोरं बसलेली गाडी घेऊन मालवणच्या वळणांवर निघतात. मी वहीत वेळ लिहिते. माणूस किती तास जागा आहे, ते त्या वहीत कुठे लिहायचं?

गणपतीत तर विचारायलाच नको. पावसाळी वेळापत्रकात रेल्वेचा वेग आधीच कमी केलेला असतो, त्यात जादा गाड्या सुटतात आणि तास-तास, कधी अर्धा दिवस उशिराने पोचतात. रात्री अकराची गाडी पहाटे चारला येते. स्टँडवर रांग तशीच उभी, कारण हललं की नंबर गेला. परतीच्या वेळी तर ज्यांना तिकीट मिळालं नाही ते सरळ विचारतात, मुंबईला सोडता का? पाचशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर, २०११ पासून चौपदरीकरण चाललेला महामार्ग, पाऊस, डायव्हर्जन. पोचायला दहा-बारा तास सहज. उतारूंना सोडलं की तिथे थांबायला ना खोली ना पार्किंग, आणि गावी हंगाम चालू. मग चहा पिऊन लगेच रिकामी गाडी उलट फिरवतात.

अशाच एका परतीच्या रात्री ह्यांची गाडी हातखंब्याच्या अलीकडे रस्ता सोडून कडेला उतरली. चाकाखालच्या खडीच्या आवाजाने जाग आली म्हणून ब्रेक लागला. गाडीत दुसरं कोणी नव्हतं, समोरून ट्रक नव्हता. ह्यांनी मला हे लगेच सांगितलंही नाही. गाडी धुताना डाव्या बाजूची माती आणि चेपलेला पत्रा बघून मी विचारलं तेव्हा कळलं. त्या दिवसापासून हे रात्रीचे परत येत असले की मी फोन करत राहते. काहीतरी बोलत राहायचं, म्हशीने दूध कमी दिलं, पोरीची फी भरायची आहे, काहीही. नंतर कळलं की आमच्या स्टँडवरच्या बहुतेक घरांतून हेच चालतं. गाडीवर एकजण जागा, घरात दुसरी जागी.

आता थोडं आकड्यांत बोलते, कारण "आम्हाला सवय आहे" हे उत्तर मी फार वेळा ऐकलंय. ऐंशीच्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. डोळा चार सेकंद मिटला तर जवळजवळ ९० मीटर गाडी कोणीच चालवत नसतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ साली माणसांना जागं ठेवून तपासलं. साधारण १७ तास सलग जागा असलेल्या माणसाचं हात-डोळ्यांचं काम रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकं ढासळलेलं होतं, आणि २४ तासांनंतर ०.१० टक्के दारू असल्यासारखं. आपल्याकडे कायद्याची मर्यादा १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. आमच्या संस्थेत दारू पिऊन गाडीवर बसणाऱ्याला त्याच दिवशी स्टँडवरून बाहेर काढतात आणि ते योग्यच आहे. मग रात्रभर जागून सकाळी मोप्याहून आलेल्या माणसाला आपण मानाने पहिल्या नंबरला का उभं करतो?

कायदा ह्याबाबत मुका नव्हता. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास, सलग ५ तासांच्या आत किमान अर्धा तास विसावा आणि एका दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचं सुरू होईपर्यंत सलग ९ तास मोकळे, असं स्पष्ट लिहून ठेवलं. पण ते कामगाराला. आमचा सभासद स्वतःच मालक, स्वतःच ड्रायव्हर. त्याला जागं ठेवणारा मालक कोण, तर तोच. म्हणून त्याच्यासाठी तो नियम कागदावरही येत नाही. इथेच संस्थेचं काम सुरू होतं असं मला वाटतं. एकट्या माणसाला स्वतःवर जो नियम लावणं परवडत नाही, तो सगळ्यांनी मिळून सगळ्यांवर लावायचा, ह्यासाठीच तर एका सभासदाला एक मत दिलंय. ज्याच्या पाच गाड्या त्यालाही एकच, आणि माझ्यासारखीलाही एकच.

हल्ली सगळे भारत टॅक्सी ह्या सहकारी टॅक्सी ॲपबद्दल विचारतात. अमूल, इफ्को, नाबार्डसारख्या मोठ्या संस्था मागे आहेत, २०२५ मध्ये तिची बहुराज्य सहकारी संस्था म्हणून नोंदणी झाली, ड्रायव्हरकडून कमिशन घेत नाहीत. चांगलंच आहे. आमच्याकडे कमिशनचा जाच मुळात तेवढा नाही, ॲपवर भाडी येतात कुठे फारशी. म्हणून ती चर्चा आत्ता लांबवत नाही.

संस्थेच्या सभेपुढच्या ठरावात मी सुचवतेय ते असं. रात्रीचं भाडं करून आलेला ड्रायव्हर वहीत नेहमीसारखं नाव लिहील, समोरच्या नव्या रकान्यात "विश्रांती" लिहील आणि घरी जाईल. रांग पुढे सरकत राहील. त्याचा नंबर वर आला की नंबर तिथेच थांबेल, मागचे पुढे जातील. नऊ तासांनी तो आला की पहिलं भाडं त्याचं. आणि ह्या नऊ तासांत तो आला तरी त्याला भाडं द्यायचं नाही, तो कितीही म्हणाला की मी ताजातवाना आहे. ही दुसरी अट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे.

ह्यावर एका जुन्या सभासदाने मला तोंडावर विचारलं, "निजान काय पोट भरता?" त्यांचा राग मला समजतो. त्यांनी स्टँड उभा केलाय, रात्री-रात्री जागून पोरं शिकवलीत. दुसरं एक म्हणणं असं की खोटं झोपणारे निघतील, घरी आंब्याचं काम करतील आणि आयता नंबर घेतील. पण कोण रात्री किती वाजता सुटला, कुठे गेला, कधी आला, हे आपल्याच वहीत लिहिलेलं असतं. ज्याच्या नावापुढे रात्रीचं भाडं आहे त्यालाच विश्रांतीचा नंबर. ह्यात खोटं करायला जागा कुठे राहते? तिसरं, "फोन केला की घरून येईल" हे तर नकोच. मग झोप कसली, ती पुन्हा छातीवर फोन ठेवलेली झोप.

खरी अडचण पैशाची आहे, ते मी टाळणार नाही. एप्रिल-मे, गणपती, डिसेंबरचा शेवट, एवढ्यात वर्षाची कमाई करायची. जूनमध्ये किल्ल्यावर जाणारी होडी बंद, समुद्रातलं सगळं बंद, तारकर्लीच्या खोल्यांना कुलपं. आंबोलीला शनिवार-रविवारी धबधब्याची थोडी भाडी निघतात तेवढीच. बँकेचा हप्ता मात्र जुलैलाही तोच. विमा आहे, पासिंग आहे, दर तीन वर्षांनी गॅस सिलिंडरची टेस्ट आहे. म्हणून माणूस मे महिन्यात झोप विकून जुलैचा हप्ता जमवतो. नुसता झोपेचा नियम केला आणि जुलैचं काही केलं नाही, तर लोक तो नियम चोरून मोडतील, आणि मला त्यांना बोलता यायचं नाही.

तेव्हा ठरावाचा दुसरा भाग हा. संस्थेला नफ्यातला किमान २५ टक्के राखीव निधीला द्यावा लागतो, पण तो संस्थेचा. सभासदाच्या हप्त्यासाठी त्याला हात लावता येत नाही. त्याशिवाय प्रत्येक सभासदाची स्वतःच्या नावाची पावसाळी ठेव काढावी. हंगामात प्रत्येक भाड्यामागे ठरलेली रक्कम काउंटरवरच कापायची आणि जुलै-ऑगस्टमध्ये दोन हप्त्यांत ज्याची त्याला परत. उपकार नाही, कर्ज नाही, त्याचेच पैसे. मच्छीविक्रेत्या बायका भिशीने जे करतात, तेच आपण पावतीवर करायचं.

आणि मुंबईचं भाडं असेल तर बोर्डावरचा दर दोन ड्रायव्हरांचा लावा, किंवा तिथल्या मुक्कामाचे पैसे त्यात धरा. सगळ्यांनी मिळून लावला तर लागतो. एकट्याने मागितला तर उतारू पांढऱ्या नंबरप्लेटच्या खाजगी गाडीकडे वळतो. वळणारे तरीही वळतील, त्याची तक्रार आरटीओकडे वेगळी चालूच आहे.

चाकरमान्यांनो, हे तुम्हीही वाचताय, म्हणून दोन शब्द तुमच्यासाठी. गाडीत बसताना दर विचारता तसं एक विचारा, "दादा, कधीपासून गाडीवर आहात?" उत्तर ऐकून बरं वाटलं नाही तर काउंटरवर सांगा, पुढची गाडी देऊ. रात्रीच्या प्रवासात ड्रायव्हरने चहाला गाडी थांबवली तर "आता थांबू नका, सरळ काढा" म्हणू नका. दोन-तीन दिवसांसाठी गाडी घेऊन फिरायला नेता तेव्हा हॉटेल बुक करताना ड्रायव्हर झोपणार कुठे ते विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी त्याला आवारात गाडी लावायला सांगतात आणि तो डास मारत रात्र काढतो. सकाळी आंबोलीच्या घाटात तुमची पोरं त्याच्याच हवाली असतात.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणजे आमची गणपती आटोपल्यावरच होईल. तोवर हा हंगाम निघून जाईल. म्हणून संचालक मंडळाला विनंती आहे की विश्रांतीचा रकाना ह्या गणपतीपुरता तरी तात्पुरता सुरू करावा, वही मी आखून देते. सभेत ठरावाला सूचक म्हणून माझं नाव दिलंय. अनुमोदक अजून ठरलेला नाही. जे कोणी उभे राहणार असतील त्यांनी आधी कळवा, म्हणजे मसुदा बरोबर बसून एकदा वाचून घेऊ.