एकच केबल पुरे!

तुमच्या बेटावर समुद्राखालून इंटरनेटची एक फायबर केबल आली आहे ना? मग आता स्वस्थ बसा. कुणी शहाणा 'दुसरी टाका, वेगळ्या मार्गानं टाका' म्हणू लागला, तर त्याला खर्चाचा आकडा दाखवा. तरीही गप्प बसला नाही, तर त्याला समितीवर घ्या.

केबल काही लेचीपेची नसते. खोल समुद्रात ती बागेत पाणी घालायच्या नळीएवढी जाड, आत केसासारखे काचेचे तंतू. किनाऱ्याजवळ तिला पोलादी तारांचं चिलखत चढवतात. का, ते विचारू नका. उत्तरात जहाजांचे नांगर आणि मासेमारीची जाळी येतात. जगभर वर्षाला दीडदोनशे बिघाड होतात, त्यांतले बहुतेक याच दोघांमुळे. तुम्ही मात्र दोष शार्कला द्या. शार्क खुलासा पाठवत नाही.

अनुभव हवाच असेल, तर पॅसिफिक महासागरातल्या टोंगा या बेटांच्या देशाचा घ्या. फिजीहून आलेली ८२७ किलोमीटरची एकुलती एक केबल जानेवारी २०१९मध्ये तुटली आणि देश जवळपास दोन आठवडे चाचपडत राहिला. मग उपग्रहसेवेचा करार झाला. १५ जानेवारी २०२२ला समुद्रातला ज्वालामुखी फुटला, केबलच्या चिंधड्या झाल्या, तेव्हा करार होता. पण वादात अडकलेला, सेवा सुरूच न झालेली. पर्याय असावा तर असा, फायलीत सुरक्षित! दुरुस्तीचं जहाज पापुआ न्यू गिनीहून आलं, गळ टाकून तळातली केबल शोधत बसलं, ऐंशीएक किलोमीटर नवी केबल घालावी लागली. पाच आठवडे गेले. आणि दूरच्या बेटांकडे जाणारी देशांतर्गत केबल? तिला दीड वर्ष लागलं.

विरोधक गप्प करायला तैवानची मात्सू बेटं उपयोगी पडतील. त्यांच्याकडे दोन केबल होत्या आणि फेब्रुवारी २०२३मध्ये आठवडाभरात दोन्ही तुटल्या. म्हणजे दुसरी टाकणं उधळपट्टीच, नाही का? (तिसरी टाकावी, असा अर्थ काढणाऱ्यालाही समितीवर घ्या.)

शेवटी केबल तुटलीच, तर घाबरू नका. दिलगिरीचं निवेदन संकेतस्थळावर टाका, तक्रारी फक्त ऑनलाइन स्वीकारा. जहाज येईपर्यंत एकही येणार नाही.