नौरू फुकट खाऊन बुडालं नाही

माझा भाचा नववीत आहे. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेसाठी त्याने ‘फुकटेपणाचे दुष्परिणाम’ हा विषय घेतला आणि भाषण तपासायला मला पाठवलं. त्यातला अर्धा मजकूर मी वाचताक्षणी ओळखला, कारण तो कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर सतत फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: प्रशांत महासागरातला नौरू हा एके काळी जगातला सर्वांत श्रीमंत देश होता. फॉस्फेटची खाण होती, पैसा वाहत होता. सरकारने दवाखाने, शाळा, वीज सगळं फुकट दिलं, कर घेतला नाही. लोकांनी कामं सोडली, बसून खाल्लं आणि ते जगातले सर्वांत लठ्ठ लोक झाले. मग त्यांनी स्वतःच सगळं खणून संपवलं. आज हा देश ऑस्ट्रेलियाच्या दयेवर जगतो आणि जगात त्याला कुणी विचारत नाही. शेवटची ओळ: महिन्याला १५०० रुपये वाटणाऱ्या महाराष्ट्राने यातून शिकावं.

मोठी माणसं हे इकडून तिकडे ढकलतात तेव्हा मी गप्प बसते. पण चौदा वर्षांचा मुलगा व्यासपीठावरून एका अख्ख्या समाजाला आळशी म्हणणार असेल, तर गप्प बसणं मला जमणार नाही.

श्रीमंतीचा मुद्दा लवकर संपवते. १९७० च्या दशकात नौरूचं दरडोई उत्पन्न जगातल्या सर्वाधिक उत्पन्नांपैकी एक होतं, हे खरं. २१ चौरस किलोमीटरचं बेट, मूठभर लोकसंख्या आणि जमिनीत उत्तम प्रतीचं फॉस्फेट. आकडा मोठा दिसणारच.

खरी लबाडी पुढे आहे. ‘त्यांनी स्वतःच सगळं खणून संपवलं’ हे वाक्य गोष्ट १९६८ पासून सुरू करतं, म्हणजे देश स्वतंत्र झाला तिथून. त्याआधीची साठ वर्षं खाण कुणाच्या हातात होती?

जर्मनीने १८८८ मध्ये हे बेट ताब्यात घेतलं. १९०० च्या सुमारास फॉस्फेट सापडलं आणि १९०७ पर्यंत एक ब्रिटिश कंपनी ते जहाजांत भरू लागली. ज्यांची जमीन होती त्यांना सुरुवातीला टनामागे अर्धा पेनी मिळायचा. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाने बेट घेतलं. १९१९ मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी आपसात करार करून ‘ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्स’ नावाची यंत्रणा उभी केली. तिन्ही देशांच्या शेतांना स्वस्त खत मिळावं हा तिचा हेतू होता, आणि म्हणून नौरूचं फॉस्फेट बाजारभावापेक्षा कमी किमतीत जात राहिलं. राष्ट्रसंघाने आणि पुढे संयुक्त राष्ट्रांनी हे बेट याच देशांकडे सोपवलं होतं ते तिथल्या लोकांच्या हितासाठी. कागदावर तसंच लिहिलेलं आहे.

खाणीत नौरूचे लोक राबले नाहीत म्हणून ते आळशी, असंही या मजकुरात सुचवलेलं असतं. खाणीसाठी चीनमधून आणि आसपासच्या बेटांवरून कंत्राटी मजूर आणण्याची पद्धत कंपनीने पहिल्यापासून पाडली. ज्यांच्या पायाखालची जमीन उकरली जात होती त्यांना तो धंदा चालवायला कुणी बोलावलंच नाही.

आणि या माणसांनी काय काय सोसलं ते बघा. १९२० च्या फ्लूच्या साथीनंतर लोकसंख्या इतकी घटली की १५०० च्या खाली राहिलो तर समाज म्हणून आपण टिकणार नाही अशी भीती त्यांना वाटू लागली. १९३२ मध्ये १५०० वं मूल जन्मलं. तो २६ ऑक्टोबरचा दिवस ते आजही ‘अंगाम’ म्हणून साजरा करतात. पुढे जपानने बेट जिंकलं आणि १९४३ मध्ये सुमारे १२०० लोकांना मजुरीसाठी दूरच्या ट्रुक बेटांवर नेलं. त्यातले ७३७ जिवंत परतले, ३१ जानेवारी १९४६ रोजी. स्वातंत्र्यासाठी त्यांनी हीच तारीख निवडली: ३१ जानेवारी १९६८. पहिले राष्ट्राध्यक्ष हॅमर डीरोबर्ट स्वतः ट्रुकहून परतलेल्यांपैकी. ऐतखाऊ म्हणताना निदान एवढं तरी माहीत असावं.

१९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियाने सुचवलं की खाणीने बेट राहण्याजोगं उरणार नाही, तर तुम्ही सगळे क्वीन्सलंडजवळच्या कर्टिस बेटावर राहायला या. स्वतःचं राज्य मात्र तिथे मिळणार नव्हतं. नौरूने १९६४ मध्ये नकार दिला. मग खाणीचा ताबा मिळवण्यासाठी यंत्रसामग्रीपोटी सुमारे २.१ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर मोजले. आपल्याच बेटावरची खाण विकत घ्यावी लागली त्यांना.

माझ्या म्हणण्याचा मुख्य पुरावा कुठल्या लेखातला नाही, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातला आहे. १९८९ मध्ये नौरूने ऑस्ट्रेलियावर दावा लावला: स्वातंत्र्यापूर्वी खणून टाकलेली जमीन पूर्ववत करण्याची जबाबदारी तुमची. त्याआधी श्रीलंकेचे कायदेतज्ज्ञ क्रिस्टोफर वीरमंत्री यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने या जमिनींची सगळी चौकशी केलेली होती. हा खटला चालवताच येणार नाही, असं ऑस्ट्रेलियाचं म्हणणं होतं. १९९२ मध्ये न्यायालयाने ते फेटाळलं. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाने तडजोड केली आणि १०.७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देण्याचं मान्य केलं. ब्रिटन आणि न्यूझीलंडनेही त्यात प्रत्येकी १.२ कोटींचा वाटा उचलला. लोकांच्या आळसाने देश बुडाला असता तर या तिघांनी पैसे कशासाठी मोजले, याचं उत्तर हा मजकूर पुढे ढकलणाऱ्या एकाने तरी द्यावं.

आता जे मान्य करावं लागतं ते करते. स्वातंत्र्याआधी खाणीची सुमारे एक तृतीयांश जमीन संपली होती. उरलेली नौरूने स्वतः खणली. आज बेटाचा जवळपास ८० टक्के भाग प्रवाळाचे उघडे सुळके होऊन पडला आहे. पैसा सांभाळण्यात तिथल्या राज्यकर्त्यांनी भयंकर चुका केल्या, हेही खरं. विमान कंपनी तोट्यात चालवली. लंडनमध्ये १९९३ साली एका संगीत नाटकात पैसे घातले, ते सपशेल आपटलं. मेलबर्नमधली ५२ मजल्यांची ‘नौरू हाउस’ ही इमारत कर्जापायी २००४ मध्ये विकावी लागली. १९९० च्या दशकात बेनामी बँकांना परवाने वाटले, त्यातून रशियातला संशयास्पद पैसा फिरला. सरकारं तर वर्षभरही टिकेनात. फुकट सेवा आणि सरकारी पगारांचा भारही तिजोरीवर होता.

पण ‘बसून खाल्लं’ हे तरीही खोटं. खाण संपणार हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, म्हणून तर त्यांनी विश्वस्त निधी उभा करून परदेशात गुंतवणूक केली. ओडिशातली पारादीप फॉस्फेट्स १९८१ मध्ये सुरू झाली ती भारत सरकार आणि नौरू यांची भागीदारी म्हणून. १९९३ मध्ये नौरूचा हिस्सा भारत सरकारने घेतला. आपल्या शेतात पडलेल्या खतामागे काही वर्षं या ‘आळशी’ लोकांचा पैसा होता, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. बुडाला तो निधी सांभाळणाऱ्यांच्या आणि सल्लागारांच्या हातून. घरी फुकट वीज जाळणाऱ्या बाईने मेलबर्नची इमारत गहाण टाकलेली नव्हती.

लठ्ठपणावर हसणाऱ्यांची मला सर्वांत जास्त चीड येते. मासे, नारळ, केवड्याच्या कुळातल्या झाडाची फळं आणि बुआडा तळ्यात वाढवलेले मासे हा या लोकांचा आहार होता. आतला भाग खाणीत गेल्यावर किनाऱ्याची अरुंद पट्टी उरली आणि जेवण जहाजातून यायला लागलं: तांदूळ, साखर, डबाबंद मांस. १९७० च्या दशकातल्या पाहणीत जवळपास एक तृतीयांश प्रौढांना मधुमेह आढळला. ज्यांची माती गेली त्यांच्या शरीराचं असं होतं. आपल्याकडे घरोघरी मधुमेह असताना आपण कुणाला हसतो आहोत?

‘जगात कुणी विचारत नाही’ याला फार जागा देत नाही. १९ सदस्यांची संसद राष्ट्राध्यक्ष निवडते आणि संयुक्त राष्ट्रांत या देशाचं मत इतर कुठल्याही देशाइतकंच मोजलं जातं. त्या मतासाठी चीन आणि तैवान दोघेही धडपडत आले. जानेवारी २०२४ मध्ये नौरूने पुन्हा चीनला मान्यता दिली. १९८२ च्या नौरू करारातले आठ देश मिळून परदेशी ट्यूना बोटींना दिवसाच्या हिशेबाने परवाने विकतात, किमान दर दिवसाला ८,००० डॉलर. खोल समुद्रातल्या खाणकामाचे नियम दोन वर्षांत ठरवा, असा तगादा २०२१ मध्ये नौरूनेच लावला आणि सगळ्या मोठ्या देशांची धावपळ उडाली. मला तो निर्णय घातक वाटतो, पण कुणी विचारत नाही असा देश हे करू शकत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या पैशाचं अर्धसत्य उरलं. पैसा येतो, मोठा येतो. पण २००१ पासून त्यातला बराच येतो तो समुद्रमार्गे आलेले आश्रयार्थी आपल्या भूमीवर नकोत म्हणून ऑस्ट्रेलियाने त्यांना नौरूवर ठेवलं याबद्दल. त्या छावण्यांत माणसांचे हाल झाले आणि नौरूच्या सरकारने ते होऊ दिले, याबद्दल मी त्याची बाजू घेणार नाही. तरीही याला दया म्हणता येत नाही. हा सौदा आहे, आणि गरज ऑस्ट्रेलियाची आहे.

राहिले १५०० रुपये. नौरूमध्ये खाण एक, तिच्यावर साठ वर्षं परक्यांचा ताबा, नंतर निधीची नासाडी आणि २०१४ पर्यंत पगारावर कर नाही. यातलं महाराष्ट्राला काय लागू पडतं? इथे काडेपेटीवरही कर आहे, आणि ती विकत घेणारी बाई तो भरते. लाडकी बहीण योजनेला विरोध करायचा तर राज्याच्या अर्थसंकल्पातले आकडे काढा, कर्ज किती, कुठल्या खात्याचा पैसा वळवला ते विचारा. तो वाद मीही घालेन. त्यासाठी ट्रुकहून परतलेल्या ७३७ माणसांच्या नातवंडांना आळशी ठरवायची गरज नाही.